सात पोरांचा तुआइ

मिशनला साठ वर्षं झाली म्हणून परवा मोठा सोहळा झाला. मला भाषणाला उभं केलं, कारण शाळेच्या जुन्या पोरांपैकी हिंडताफिरता उरलेला मी एकटाच. सोहळा करणाऱ्यांनी आधीच बजावलं होतं, "मास्तर, पाच मिनिटं बोला, आणि बिशपसाहेबांबद्दल बोला." मी पाच मिनिटं बिशपसाहेबांबद्दल बोललो. खोटं बोललो असं नाही, पण जे बोलायचं होतं ते पोटातच राहिलं. ते आता लिहून काढतो. कागद काही मला घड्याळ दाखवत नाही.

आमच्या लांबघराचा तुआइ लिनांग गेल्या सुगीनंतर वारला. बावीस बिऱ्हाडं एका छपराखाली, आणि त्या सगळ्यांच्या भांडणांना, लग्नांना, चुकांना उत्तर देणारा माणूस एक, तो तुआइ. लोक म्हणतात लिनांग चाळिशीत तुआइ झाला. लोकांना काय माहीत! तो तेराव्या वर्षीच तुआइ झाला होता. त्याच्या हाताखाली सहा माणसं होती, आणि त्यातला सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात नालायक मी होतो.

साल १९१२. फादर गेर्लाकनी आमच्या नदीवरून सात पोरं शाळेसाठी मागितली. लिनांगचा आजा तेव्हा तुआइ होता. पोरं द्यायला बायका तयार नव्हत्या. आजा म्हणाला, "राजाच्या कचेरीतून कागद येतो आणि तो वाचून घ्यायला आपण बाजारातल्या चिनी दुकानदाराच्या तोंडाकडे बघत बसतो. त्याने काय वाचलं, काय गाळलं, कुणाला ठाऊक? आपल्या घरातला एक तरी पोरगा असा निघू दे, जो आपला कागद आपल्या ओसरीवर वाचील." एक म्हणताना त्याची नजर नातवावर होती. लिनांग एकदा ऐकलेलं विसरत नसे. बाकीचे सहा आम्ही सोबतीला, म्हणजे जेवणात चटणी असते तसे.

धक्क्यावर नाव सोडताना आज्याने आपली सुरी लिनांगच्या हातात दिली आणि म्हणाला, "या पोरांचा तुआइ तू. यांनी काही केलं तर मी यांना विचारणार नाही. तुला विचारीन."

शाळा नदीच्या खालच्या अंगाला होती, दीड दिवसाच्या वाटेवर. पहिल्याच दिवशी आमचे केस कापले. मागे कमरेपर्यंत रुळणारे केस जमिनीवर पडले तेव्हा मी भोकाड पसरलं. माझं नाव सांदोम, तेव्हा नऊ वर्षांचा. रडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. नियम तर विचारू नका. घंटा झाली की उठा, घंटा झाली की गुडघे टेका, घंटा झाली की गप्प. जेवतानाही गप्प! एक पोरगा उभा राहून संतांची चरित्रं वाचायचा आणि आम्ही चाळीस जण खारवलेला मासा आणि भात मुक्याने गिळायचो. आमच्याकडे मेलेल्या माणसाशेजारीसुद्धा इतकं गप्प बसत नाहीत.

पण एक सांगतो, रविवारी मिस्सेला मेणबत्त्या लागल्या, धूप चढला आणि त्या न कळणाऱ्या भाषेत गाणं सुरू झालं की अंगावर काटा यायचा. मला वाटायचं, छप्पर आता उघडेल. लिनांगकडे बघितलं तर त्याचे ओठ हलत असायचे. तिसऱ्या रविवारी त्याला सगळं पाठ होतं.

कुणाला घरची आठवण येऊन अन्न जाईनासं झालं की लिनांग त्याला लाकडाच्या खोपटात न्यायचा आणि आज्याची सुरी पुढे करायचा. "चाव. लोखंड चावलं की जीव घट्ट होतो." आम्ही चावायचो. मी इतक्यांदा चावली की एका पोराने विचारलं, "सांदोम, तू भाताऐवजी सुरीच का जेवत नाहीस?"

आमचा बाप्तिस्मा झाला. मला सिप्रियन म्हणायला लागले, ते कुणालाच नीट म्हणता येत नसे. मग पहिल्या पापकबुलीचा दिवस ठरला. फादर गेर्लाक म्हणजे ताडमाड डच माणूस, डाव्या कानाने कमी ऐकायचे आणि आमची भाषा नाकातून बोलायचे. त्यांनी आठवडाभर शिकवलं, केलेलं काही लपवायचं नाही, सगळं सांगायचं, देव माफ करतो. आम्हाला ते पटलं. आमच्या घरीही तेच करतात. फक्त तिथे तुआइ सगळ्यांच्या वतीने बोलतो.

म्हणून शनिवारी सकाळी लिनांगने आम्हा सहा जणांना खोपटात बसवलं. हातात वेताची लांब दोरी. सणाला किती दिवस उरले ते लक्षात ठेवायला आम्ही गाठी मारतो ना, तशा गाठी मारायला.

"हं, बोला. काय काय केलंत?"

"मी सिस्टरांच्या बागेतल्या काकड्या खाल्ल्या," एक म्हणाला.

"किती?"

"मोजल्या नाहीत."

"मग मी काय सांगू? देवाला अंदाजपंचे सांगू?"

दुसरा म्हणाला, "मी काहीच नाही केलं."

"घराची लाज काढू नकोस. नीट आठव."

मी तीन पापं दिली. त्यातलं एक पुढच्या आठवड्यात करायचं ठरवलेलं होतं. तेही त्याने गाठीत घेतलं. मग लांबघरातल्या आमच्या दारांच्या क्रमाने, खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत, सगळ्यांची पापं ओळीने लावली आणि दोरी घेऊन तो प्रार्थनाघराच्या कोपऱ्यात चटईच्या पडद्याआड गेला. आम्ही बाहेर मांडी ठोकून बसलो, अगदी निवांत. आपलं काम झालंच होतं.

बराच वेळ गेला. मग फादर बाहेर आले. चेहरा लालेलाल, डोळे पुसत होते. हसत होते की काय, मला आजही सांगता यायचं नाही. मागून लिनांग, हातात दोरी.

"पोरांनो, इथे ज्याने त्याने आपापलं सांगायचं असतं," फादर म्हणाले. "दुसऱ्याचं कुणाला सांगता येत नाही."

"फादर, यांचं सगळं मीच बघतो," लिनांग म्हणाला.

"हे नाही बघता येत, बाळ."

"मग मी कशाला आहे?"

 फादरनी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही एकेक करून आत गेलो आणि रडतरखडत आपापलं सांगितलं. बाहेर आल्यावर लिनांग प्रत्येकाला विचारत होता, "तुला प्रार्थना किती दिल्या?" कुणाला पाच, कुणाला आठ, कुणाला दहा. त्याने बेरीज केली. सगळ्यांच्या मिळून त्रेपन्न 'नमो मरिया' झाल्या. आम्ही आमच्या म्हणून खेळायला पळालो. तो उघड्या फळ्यांवर गुडघे टेकून त्रेपन्नच्या त्रेपन्न म्हणत बसला. जेवणाची घंटा झाली तरी उठला नाही. फादर दारात उभे होते आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. इतका मोठा माणूस एका पोरापुढे टोपी काढून उभा आहे हे बघून मी खेळ विसरलो.

आता माझ्या नालायकपणाकडे येतो.

पुराचे दिवस होते. आमच्या लांबघरातला अंबाऊकाका मीठ न्यायला बाजारात आला होता. जाता जाता सांगून गेला, "सांदोम, तुला बहीण झाली रे." झालं! माझ्या डोक्यात दुसरं काही शिरेना. दोन दिवसांनी पहाटेच्या घंटेआधी मी धक्क्यावर गेलो. तिथे मिशनची नाव बांधलेली असायची. आजाऱ्यांकडे, मरणाऱ्यांकडे फादर त्याच नावेतून जायचे. मी तिच्यात बसलो आणि वेताचा दोर सोडला. दीड दिवसाची वाट, ओढ उलटी, आणि वल्ही मारणार नऊ वर्षांचा मी! नदीने नावेला एक हिसका दिला तशी माझी तंतरली. मी पाण्यात उडी मारली आणि काठ गाठला. मागे वळून बघितलं तर नाव ओंडक्यांबरोबर खाली चालली होती.

मी भिजून परत आलो. लिनांग उठलेला होता. त्याने माझ्या चड्डीकडे बघितलं, नदीकडे बघितलं. मग आपली कोरडी चड्डी काढून मला दिली आणि माझी ओली स्वतः घातली. 

त्याच दिवशी खालच्या वस्तीवरून निरोप आला, एक म्हातारी शेवटच्या घटका मोजते आहे, फादरना बोलावते आहे. नाव नव्हती. बाजारातून कुणाची तरी नाव मिळेपर्यंत दुपार टळली. फादर पोचले तेव्हा म्हातारीवर चादर ओढलेली होती. ते परत आले आणि त्यांनी आम्हा चाळीस जणांना रांगेत उभं केलं. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "ज्याने दोर सोडला तो पुढच्या नावेने घरी जाईल," ते म्हणाले. "कायमचा."

मी पुढच्या पोराच्या पाठीआड सरकलो. लिनांग माझीच चड्डी घालून पुढे झाला. "मी सोडला."

फादर त्याच्याकडे बघतच राहिले. वर्गात पहिला, पाठांतरात पहिला, दोन वर्षांनी मोठ्या शाळेत पाठवायचा म्हणून ज्याच्याबद्दल त्यांनी लिहूनही कळवलं होतं, तोच. पण चाळीस पोरांसमोर तोंडातून गेलेला शब्द त्यांना गिळता येईना. "या नदीवरचा अजून कुणी मास्तर झाला नाही," एवढंच ते पुटपुटले आणि आत गेले.

मी लिनांगला खोपटात गाठलं. "दादा, असं कसं?"

"गप. तुआइने आपल्या अंगावर घेतलं की विषय थंड होतो. मग तो उकरायचा नसतो."

"पण तुला कागद वाचायचे होते ना?"

 सुरीच्या धारेवरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "तू वाच."

शनिवारी मी चटईच्या पडद्याआड गेलो आणि सगळं ओकलो.  मग पलीकडून फादरचा आवाज आला, अगदी हलका. "पोरा, देवाने ऐकलं. पण इथे माझं तोंड बांधलेलं असतं. इथलं मला बाहेर नेता येत नाही, बाहेर मला यातलं काही ठाऊक नसतं. तेच तू बाहेर, ओसरीवर येऊन मला सांग. मग मला काहीतरी करता येईल."

मी हो म्हणालो. खरंच म्हणालो.

रविवारी जेवणानंतर फादर ओसरीवर येऊन बसले. दोन स्टुलं मांडली होती. एकावर ते, एक रिकामं. पुस्तक नाही, जपमाळ नाही, नुसते नदीकडे बघत बसले. मी पाणी भरायच्या निमित्ताने त्यांच्यासमोरून चौदा फेऱ्या मारल्या असतील. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. ज्याला ठाऊकच नाही तो कशाला बघेल! सोमवारी परत दोन स्टुलं. मंगळवारी परत. तो माणूस मला हाक मारू शकत नव्हता, खूण करू शकत नव्हता, लिनांगला थांबही म्हणू शकत नव्हता. खरं कळूनही तो चाळीस जणांसमोर अन्यायी म्हणून बसला होता, आणि माझे पाय ओसरीची पायरी चढेनात. दादा उकरू नकोस म्हणाला, अशी मी मनाची समजूत घालत होतो. सरळ सांगायचं तर मी भेकड होतो.

बुधवारी अंबाऊकाका लिनांगला न्यायला आला. धक्क्यावर उतरतानाच सुरू झाला, "घराचं नाक कापलंस. म्हातारा दोन दिवस जेवला नाही. चल, बस." लिनांग आपली चटई काखेत मारून नावेत बसला. आम्ही सगळे काठावर उभे. फादर ओसरीवरच, रिकाम्या स्टुलाशेजारी. काकाने वल्हं मारलं. नाव दहा हात गेली, वीस हात गेली. लिनांगने मागे बघितलं नाही.

"दादा!" मी ओरडलो. "लिनांगदादा! मागे फिर!"

सगळा काठ चरकला. निघालेल्या माणसाला मागून हाक! आमच्यात वेडासुद्धा ते करत नाही. मागून हाक आली की प्रवास नासला, माणसाने परत फिरायचं, त्या दिवशी निघायचं नाही. मी काही डोकं लढवून हाक मारली नव्हती. तेव्हा मला रीतभात आठवत होती कुठे?

"कोण रे तो करंटा?" काकाने वल्हं पाण्यावर आपटलं. "सांदोम? तुझ्या आईने हेच शिकवलं का तुला? अख्खा दिवस बुडवलास!" पण नाव त्याने वळवली. वळवावीच लागली.

मी नाव काठाला लागायची वाट बघितली नाही. पळत ओसरीवर गेलो, रिकाम्या स्टुलाला धरलं आणि एका दमात बोललो. "दोर मी सोडला, फादर. दादाने नाही. मला बहीण झाली म्हणून."

"जरा या बाजूने बोल," फादर म्हणाले आणि त्यांनी उजवा कान पुढे केला. त्यांना पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं, हे मला कळलं. मी परत बोललो. त्यांनी डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

तोवर लिनांग आणि काका वर आले. लिनांग माझ्यावर भडकला होता. "ऐकू नका याचं, फादर. मी सांगितलंय एकदा. तुआइचा शब्द झालाय."

"म्हणजे आता या कारट्याला घरी न्यायचं का?" काकाने विचारलं.

"त्याला नाही," लिनांग म्हणाला. "मलाच न्यायचं."

फादर उठले आणि त्याच्यासमोर खाली बसले, म्हणजे दोघांची तोंडं एका उंचीवर आली. "लिनांग, सांदोमने केलं ते तू घेतलंस. पण चाळीस जणांसमोर तू खोटं बोललास. ते कुणाचं?"

"माझं."

"सहा जणांचं तू घेतोस. तुझं कोण घेतं?"

 लिनांगने काकाकडे बघितलं. काका पायाच्या अंगठ्याने फळी उकरत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघून काय मिळणार होतं? त्याच्या वर कुणी नव्हतं. इतके महिने मी त्याला मोठा माणूस समजत होतो. त्या क्षणी मला दिसलं, याची चड्डीसुद्धा याला ढगळ होते.

"या घराचा तुआइ कोण?" फादरनी विचारलं.

"तुम्ही," लिनांग अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"मग दे इकडे."

लिनांग रडला. आम्ही कुणी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. आवाज न करता, दोन्ही हात बाजूला सोडून, तो उभ्याउभ्या रडला. अंबाऊकाका, जो बाप्तिस्म्याला नुसतं पाणी शिंपडणं म्हणायचा, तो हळूच खाली बसला. आमच्याकडे मोठ्या माणसासमोर बसतात तसा. मी आयुष्यात पुष्कळ देवळं बघितली, बिशपही बघितले. पण देव जवळून गेला असं मला वाटलं ते त्या फळ्यांच्या ओसरीवर.

दुसऱ्या दिवशी फादरनी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, "मी रागात जे बोललो ते चुकलं. कुणी घरी जाणार नाही. नाव गेली त्याचं उत्तर मी देईन." वर त्यांनी काय लिहून कळवलं कुणास ठाऊक, पण नवी नाव मिळायला पाच महिने लागले.

लिनांग पुढे काय झाला ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला जे सांगायचंय त्याच्या आड यायला नको. तो मोठ्या शाळेत गेला, सहा वर्षं मास्तर होता, मग घरी परतला. राजाचे कागद त्याने ओसरीवर मोठ्याने वाचले, एक ओळ न गाळता. आज्याने पहिला कागद ऐकला आणि म्हणाला, "परत वाच." तीनदा वाचायला लावला. एकतीस वर्षं तो तुआइ होता आणि त्याच्या काळात घरातलं एकही भांडण कचेरीत गेलं नाही. मी मास्तर झालो तो त्याच्यामुळे, हे वेगळं लिहायला नको.

तर ते पाच महिने. नाव नव्हती म्हणून फादर गेर्लाक आजाऱ्यांकडे रानातून चालत जायचे. पहिल्यांदा गेले ते तिसऱ्या दिवशी दुपारी परतले. ओसरीच्या पायरीवर बसून त्यांनी बूट काढले तर बूट रक्ताने भरलेले. गुडघ्यांपर्यंत जळवा लटकत होत्या. मी दारामागे उभा राहून बघत होतो. लिनांग तंबाखूचं पाणी घेऊन आला आणि त्यांच्या पायांशी बसला. फादरनी पाय मागे घेतला.

"राहू दे रे, मी काढतो."

"गप बसा, फादर," लिनांग म्हणाला, आणि तो पाय त्याने आपल्या मांडीवर ओढून घेतला.

फादर गप्प बसले. लिनांग एकेक जळू सोडवत होता, घाई न करता. मी दारामागून बाहेर आलो आणि दुसऱ्या पायाशी बसलो. मला कुणी उठवलं नाही.